कोपऱ्यातला दिवा कुणाचा

बसवराज गेला, लिंगैक्य झाला, हे मला त्याच्या भावाच्या फोनवरून कळलं. मी कलबुर्गीत मुलांचा प्रकाशयोजनेचा वर्ग घेत होतो. फोन ठेवला आणि पहिला विचार काय आला सांगू? आता ह्याच्याबद्दल सगळे चांगलंच बोलणार! लिहायला लाज वाटते, पण तीन आठवडे झाले तरी तो विचार गेलेला नाही... मी बसूवर जळायचो. अगदी पहिल्या दिवसापासून.

कॉलेजात आम्ही दोघं एकाच वर्षी नाटकाच्या सरांकडे लाइट शिकायला लागलो. मी दुबलगुंडीचा, तो खटकचिंचोळीचा. मी वहीभर आकृत्या काढायचो. दिवा किती उंचीवर, कुठल्या कोनात, निळा कागद कुठं. बसू वहीच आणायचा नाही. उजेड कमी-जास्त करायच्या डिमरवर हात ठेवून नुसता नटाच्या तोंडाकडं बघत बसायचा, आणि उजेड असा उतरवायचा की कधी उतरला ते कळायचंच नाही. सर माझी वही चाळून 'छान' म्हणायचे, अन् प्रयोगाला डिमर बसूच्या हाती द्यायचे. मला त्या दिवशी जेवण जायचं नाही. वर हाच विचारायचा, "कामून तोंड पाडून बसलास बे?"

एकदा मात्र सरांनी मला डिमरवर बसवलं. भालकीकडच्या एका जत्रेत प्रयोग होता. पहिला अंक बापाच्या मरणावर संपायचा. मी अगदी वहीतल्यासारखा उजेड हळूहळू शून्यावर आणला. मिट्ट अंधार. वाटलं, आता हुंदके ऐकू येतील. कसलं काय! मागून कुणीतरी ओरडलं, "करंट गेला की बे! जनरेटर लावा!" शिट्ट्या, मोबाइलच्या बॅटऱ्या... बायका लेकरं उचलून घराकडं निघाल्या. मेलेला बाप उठून बघायला लागला. रोज करंट जाणाऱ्या गावात मी अंधार दाखवायला गेलो होतो!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात तोच प्रयोग, डिमरवर बसू. त्यानं स्टेजच्या कोपऱ्यात एक साधा पिवळा बल्ब वेगळ्या वायरवर जोडला. अंकाच्या शेवटी सगळा उजेड गेला, तो बल्ब तेवढा राहिला. "लोकायला दिसलं पायजे, करंट हाये म्हणून," तो म्हणाला. "मग बसतेत गप." बसले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी रडायला लागली. मला त्या म्हातारीचाही राग आला.

पुढं बसू बापाच्या भुसार दुकानात बसला आणि आसपासच्या गावांत हौसेनं लाइट करत राहिला. मी शहरात मास्तर झालो. मुलांना कोपऱ्यातला दिवा शिकवताना सुरुवातीला 'माझ्या एका मित्राची युक्ती' म्हणायचो. मग मित्र गळाला. गेली बारा वर्षं ती युक्ती माझीच आहे. बसूच्या कानावर गेलं असणारच. भेटला की चहा पाजायचा, आणि मीच नजर चुकवायचो. एकदा भांडला असता तर बरं झालं असतं.

परवा त्याच्या घरी गेलो. महादेवी वहिनींनी मागची खोली उघडली. तेलाचे डबे कापून त्यानं केलेले दिवे तिथं अजून टांगलेले होते, पुसून स्वच्छ. वहिनी म्हणाल्या, "अण्णा, कोपऱ्यातल्या दिव्याचं डोकं कुणाचं म्हणून कुणी विचारलं की हे तुमचंच नाव सांगायचे बघा. 'माझ्या दोस्तानं काढलंय, कलबुर्गीत शिकवायलाय तो.' लई मिरवायचे."

माझं खोटं उघडं पडू नये म्हणून त्यानं ते आपल्या तोंडानं खरं करून टाकलं होतं. आणि मी? मी मान डोलावली. "व्हय," म्हणालो!

वहिनी, त्या खोलीत मला बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून इथं लिहितो. दिवा बसूचा होता. सर गेले, बाकीच्यांच्या लक्षातही नसेल; हे माहीत असलेला आता मी एकटाच उरलोय... आणि मी अजून जळतोच आहे त्याच्यावर. इतकं सहज देऊन टाकणं मला जन्मात जमलं नसतं.