बाळाचं पहिलं कापड

आमच्या संग्रामपूरकडे बाळाला पहिलं कापड नवं घालत नाहीत. खूप जगलेल्या माणसाचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड मागून आणायचं आणि त्याचं झबलं शिवायचं. त्या माणसाचं आयुष्य बाळाला लागतं म्हणे. म्हणून माझ्या आजेसासूबाईंच्या, मनकर्णाबाईंच्या लुगड्यांना पार शेगावपासून मागणी होती. आजी एकशे बारा वर्षांच्या आहेत. आधार कार्डावर भलतीच तारीख आहे, ते सोडा. पण शंभर वर्षांमागं मानमोडीच्या तापाची साथ आली, त्यात त्यांची आई गेली, आणि तेव्हा त्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन फिरत होत्या, एवढं पक्कं.

तेराव्या वर्षी लग्न, चाळिशीत कपाळ पांढरं. पाच लेकरं त्यांनी डोक्यावर वांग्यांची पाटी वाहून वाढवली. आठवडी बाजाराला जाणं-येणं पायी. ती पाचही त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. शेवटचे माझे सासरे, तुळशीराम. दर वेळी आजी प्रेताच्या पायाशी बसत आणि दुसऱ्या दिवशी वांग्यांना पाणी द्यायला जात. बाई आहे की दगड, असं मी मनात म्हणायचे. जीभ माझी पहिल्यापासून तिखट, पण तोवर ती निदान तोंडात होती.

सहा वर्षांपूर्वी माझे यजमान, नारायणराव, म्हणजे आजींचे नातू, वावरात छातीला हात लावून पडले ते उठलेच नाहीत. वय अठ्ठावन्न. अंगणात सारं गाव जमलेलं. आजी नेहमीसारख्या पायाशी येऊन बसल्या आणि माझं डोकं फिरलं.

"साऱ्यायचं आयुष्य खाऊन बसल्या तुमी! आता तरी भरलं का पोट?"

आजी उठल्या आणि भिंतीशी जाऊन बसल्या.

त्या दिवसापासून त्यांनी कुणाला लुगडं दिलं नाही. बाया मागायला यायच्या, तर "संपले माय लुगडे," म्हणायच्या. लुगडं जुनं झालं की स्वतःच त्याच्या बोटभर चिंध्या करायच्या, कुणाच्या कामी येऊ नये म्हणून. मी ते बघायचे आणि चुलीकडे तोंड फिरवायचे. एकदा एक पेपरवाला आला. आजींचा फोटो काढून त्याने विचारलं, "आजी, काय खाऊन एवढं आयुष्य लाभलं?" आजी माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना ऐकू आलं नाही असं वाटून तो पुन्हा ओरडून विचारायला लागला. मी त्याला चहाही न देता वाटेला लावला. चूक माझी, आणि राग त्या बिचाऱ्यावर.

"चुकलं माझं" एवढं म्हणायला काय लागतं? सहा वर्षांत मला ते जमलं नाही. लाज वाटायची, आणि लाज वाटते याचाच राग यायचा.

यंदा माझी लेक अर्पिता शेगावच्या दवाखान्यात बाळंत झाली. आधी दोनदा पोटातलं राहिलं नव्हतं, म्हणून हे बाळ म्हणजे तिचा जीव की प्राण. फोनवर तिचं पहिलं वाक्य, "आई, झबलं आजीच्याच लुगड्याचं पाहिजे. मलेबी तेच घातलं होतं नं?" मी काय बोलले होते ते तिला माहीत नव्हतं. त्या दिवशी ती सासरहून पोचायची होती, आणि पुढं गावाने माझी अब्रू राखली.

मी आजींकडे लुगडं मागितलं.

"नको बाई," त्या म्हणाल्या. "त्याले काई झालं तं?"

तेव्हा तरी पाय धरायचे. नाही धरले. माझं जुनं सुती पातळ फाडलं, झबलं शिवलं आणि आजींचं म्हणून दवाखान्यात नेऊन दिलं.

अर्पिता घरी आली. बारा दिवस आजी बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकल्या नाहीत. बारशाला मात्र अर्पिताने भरल्या घरात बाळ आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"आजी, तुमच्याच लुगड्याचं हाय. पहा किती नरम!"

आजींनी झबल्याकडे पाहिलं. कापड त्यांनी ओळखलं, ते मला कळलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"हाव," त्या म्हणाल्या.

माझं खोटं त्यांनी पदरात घेतलं. पण त्यांचे दोन्ही हात वरच होते. बाळ मांडीवर, आणि हात हवेत. बोटाचा स्पर्शसुद्धा होऊ देत नव्हत्या. बाया हसायला लागल्या, "आजी, धरा नं त्याले!"

मला बघवेना. "अर्पिता, ते कापड माह्यं हाय," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. अंगणात बोलले होते ते शब्दही, जसेच्या तसे. अर्पिता माझ्याकडे बघेना. मी आजींपुढे बसले.

"चुकलं माह्यं, आजी. धरा त्याले."

आजींनी हात खाली घेतले नाहीत. "अन् उद्या त्याले ताप आला, तं कोनाले बोलशीन?"

मी त्यांचे दोन्ही हात धरून खाली आणले, बाळाच्या अंगावर ठेवले आणि वरून माझे हात ठेवले. मी जरा सैल सोडले की ते पुन्हा उचलले जात होते.