वजन आल्यावर आवळायचा बोल्ट

सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं. चहाला उकळी आली होती आणि मी घड्याळाकडंच बघत होते, म्हणून वेळ पक्की ध्यानात आहे. तेव्हापासून जी धाकधूक छातीत बसली ती बसलीच.

आमचं गॅरेज नेकनूरच्या रस्त्याला. पुढं पत्र्याचं शेड, मागं आमची खोली, मधे नुसतं एक दार. नवरा गाडीखाली आणि अडीच वर्षांची राणी दारात! गाडीचं खालचं काम म्हणलं की गंजलेले बोल्ट आलेच, आणि अडलेला प्रत्येक बोल्ट एक किस्सा सोडून जातो. जुन्या नटांच्या डब्यासारखं आहे हे. टाकून द्यावं म्हणलं तर मन होत नाही, आणि डबा तर भरतच राहतो.

तर आठ-दहाला काय झालं? एका जीपच्या शॉकपचा, म्हणजे चाकाचे धक्के खाणाऱ्या नळकांड्याचा, बोल्ट गंजून धरला होता. ह्यांनी पान्याला लांब पाइप लावला आणि सगळं अंग टाकलं. बोल्ट निघाला नाही, मोडला! हे पाठीवर पडले आणि पाइप सुटून दारातून सरळ खोलीत. राणीच्या डोक्यावरून वीतभर उंचीनं गेला आणि पाण्याच्या ड्रमला जाऊन लागला.

मी ओरडत पोरीकडं धावले. ह्यांच्या ओठातून रक्त गळत होतं, आणि आत येऊन पहिला शब्द काय?

"ड्रम फुटला का?"

दुष्काळाचं साल. टँकर चार-चार दिवसांनी यायचा. मी पोरीला उचललं, ह्यांनी ड्रम!

*

उमापूरचे एक गाडीमालक आले. त्यांनी घरीच चुकीच्या पान्यानं झटून झटून बोल्टचं डोकं गोल करून ठेवलेलं.

"हे कुणी केलं?" ह्यांनी विचारलं.

"आपोआप झालं, मिस्त्री."

"मग बसा. आता आपोआपच निघंल!"

शेवटी शेजारच्या रफीकभाईंना बोलवलं. त्यांचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्या गोल डोक्यावर त्यांनी दुसरा नट वेल्ड केला, बोल्ट लालभडक झाला, पाना लावला आणि कुईकुई करत सुटला. पण तेवढ्यात आतल्या रबरानं पेट घेतला, आणि हे अजून गाडीखालीच! मी घागर उचलली.

"पाणी ठेव खाली, माती टाक!" सासूबाई किंचाळल्या.

"पाणी नको!" हे गाडीखालून.

"बाई, पाणी नका वाया घालवू," मालक पण मधेच!

सगळ्यांना माझ्या घागरीची काळजी, जाळाची कुणाला नाही! रफीकभाईंनी दोन ओंजळी माती टाकली, जाळ विझवला आणि मला म्हणाले, "भाभी, आग बुझ गई. अब तो घागर नीचे रखो!"

*

ह्यांचा जॅकवर लई भरवसा. माझा नाही. गाडी उचलली की खाली लोखंडी स्टँड लावायचा असतो, त्याला आमच्यात घोडी म्हणतात. पण "दोन मिनिटाचं काम हाय" म्हणत हे तसेच खाली सरकायचे. वर हातोडा बसला की गाडी डुलायची, आणि आत तव्यावर माझी भाकर करपायची.

एक दिवस गिऱ्हाइकांपुढंच सांगितलं, "घोडी लावल्याबिगर भाकर मिळायची न्हाई."

"दत्ता, इथं मिस्त्री कोण हाय बे?" एकजण ह्यांच्याकडं बघून हसला.

हे चिडले, पण त्या दिवसापासून घोडी आदळून आदळून लावायला लागले. आठवड्यानं भर दुपारी धाडकन आवाज आला. जॅक सटकला होता. गाडी घोडीवर टेकली होती. हे सरपटत बाहेर आले, दोन भाकरी खाल्ल्या. उठताना म्हणाले, "आज भाकर चांगली झालीय."

भाकरी कालच्या होत्या!

*

आता दूध सोसायटीच्या जीपचं. महादेवअप्पा चालवायचे ती. पुढच्या चाकाला धरून ठेवणारा जो खालचा आर्म असतो, त्याच्या बोल्टचे आटे गेले होते. ह्यांनी तो कापून काढला, नवा घातला आणि नट नुसता हातानं फिरवून ठेवला. कारण तो बोल्ट गाडी वर असताना आवळायचा नसतो. आधी चाक लावायचं, गाडी खाली सोडायची, वजन आलं की मग आवळायचा. नाहीतर रबर पिळून फाटतं. ह्यांनी चाक लावलं, गाडी खाली सोडली, पाना हातात घेतला आणि टँकरचा हॉर्न वाजला!

टँकर आला की आमच्यात कुणी जागेवर राहत नाही. हे पाना टाकून, घागरी घेऊन पळाले.

तेवढ्यात अप्पा आले. चाक जागेवर, गाडी जमिनीवर. "झालं वाटतं," म्हणाले. सासूबाईंना घाटनांदूरला बहिणीकडं जायचंच होतं, तिथल्या आडाला अजून पाणी होतं. "राणीला बी नेते. दोन दिस पोटभर आंघोळ तरी करंल!" पोरीला जीपमध्ये मीच उचलून बसवलं. ह्या हातांनी.

हे डोक्यावर घागर घेऊन आले. "जीप कुठं हाय?"

"गेली की. तुमच्या आई आन् राणी बी गेल्या."

ह्यांचं तोंड पांढरंफट्टक पडलं. डोक्यावर घागर तशीच घेऊन रस्त्याकडं पळाले! परत आले, अप्पांना फोन लावला. रिंग आमच्याच फळीवर वाजली. अप्पा मोबाईल चार्जिंगला लावून विसरले होते!

रफीकभाईंची मोटरसायकल घेतली. मी अनवाणीच मागं बसले. "बोल्ट आवळला न्हाई," एवढंच बोलले हे. खड्डा आला की मी डोळे मिटायचे आणि वळण आलं की उघडायचे. वाटेत शेळ्यावाले एक बाबा भेटले.

"बाबा, दुधाची जीप गेली का?"

"गेली की. एक बारकी पोरगी टाटा करीत होती."

मला रडूच फुटलं.

पुढच्या गावच्या दूध केंद्रावर जीप उभी. राणी कॅनवर बसून बिस्कीट खात होती. हे सरळ गाडीखाली शिरले, ते बाहेरच येईनात. मी पोरीला कवटाळूनच वाकले. नट नव्हता. बोल्टही नव्हता. भोकातून पलीकडचं ऊन दिसत होतं, आणि आर्म आपला गाडीच्या वजनानं दाबला जाऊन जागच्या जागी!

अप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. "दत्ता, काम एक नंबर केलंस बघ. आज गाडीचा आवाजच न्हाई!"

तुमच्या ओळखीत कुणी जीपवाला, टमटमवाला असेल तर त्याला एवढं सांगा: चाक लावलेलं दिसलं तरी मिस्त्री समोर आल्याबिगर चावी फिरवू नको. आणि म्हणावं, पुढच्यालाही सांग.