थुंकीतली भाऊबंदकी

आमच्या लॅबमध्ये काम एका बाजूला चालतं आणि किस्से दुसऱ्या बाजूला आपोआप साचत जातात. आम्ही जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत कपाशीच्या बियाण्यातली भेसळ शोधतो. म्हणजे दिवसभर दुसऱ्याचं कूळ तपासायचं. यंदा आमच्याच लोकांना स्वतःचं कूळ तपासायची हुक्की आली आणि चहाला बिस्किटांची गरज उरली नाही.

*

सुरुवात आमच्या सीनियर भास्कररावांनी केली. "आमचे पूर्वज राजस्थानातले सरदार," हे नव्या माणसाला ते स्वतःच्या नावाआधी सांगतात. पुण्यातल्या मुलाने त्यांना घरबसल्या करायची डीएनए टेस्ट पाठवली. नळीत थुंकायचं आणि कुरिअर करायचं, बस्स. फक्त त्याआधी अर्धा तास तोंडात काही नको. भास्कररावांच्या तोंडात अर्धा तास तंबाखू नाही, हा चमत्कार आम्ही अजून पाहिलेला नाही.

काही आठवड्यांनी मेसेज आला : नमुना दूषित, पुन्हा पाठवा.

"मला दूषित म्हणणारे हे कोण?" भास्करराव खवळले.

लॅबच्या इन्चार्ज रंजना मॅडम मान वर न करता म्हणाल्या, "तुम्ही रोज लोकांच्या बियाण्याच्या लॉटवर लिहिता, तेच त्यांनी लिहिलंय."

*

दुसरी नळी पास झाली. रिपोर्टचं सार एवढंच, की भास्करराव दक्षिण आशियाई आहेत. याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. सोबत प्रांतांचे टक्के होते, एक नकाशा होता आणि त्यावर राजस्थानपासून आंध्रापर्यंत पसरलेला एक मोठा गोल.

"बघा, राजस्थान गोलात हाय," भास्करराव म्हणाले.

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. "टेंभुर्णीही आहे."

टेंभुर्णी हे भास्कररावांचं गाव. त्यांनी स्क्रीनशॉट काढला, खालचा अर्धा नकाशा कापला आणि उरलेला स्टेटसला ठेवला.

*

ते स्टेटस गावी शेती करणाऱ्या धाकट्या भावाने पाहिलं. आपणही सरदारच, म्हणून त्यानेही टेस्ट केली. त्याच्यात राजस्थानचा टक्का जास्त निघाला. तो मोबाइल घेऊन थेट लॅबवर आला.

"मॅडम, दादाचं आन् माझं जुळून न्हाई राह्यलं. मी सख्खा हाय का न्हाई?"

मॅडमनी समजावलं, की आई आणि वडील दोघांकडून आपल्याला निम्मंनिम्मंच येतं, पण दोन भावांना तेच निम्मं येत नाही. त्यात हे प्रांतांचे टक्के म्हणजे निव्वळ अंदाज. जवळचं नातं मात्र टेस्ट नीट ओळखते. त्यांनी ते पान उघडून दाखवलं : सख्खा भाऊ.

भास्कररावांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "बघ. सख्खा हायस तू माझा."

"मंग मागल्या साली तू माझ्या वावराचा बांध कोरला, तवा मी सावत्र होतो का?"

*

आमचे फील्ड सुपरवायझर रामभाऊ मेंढपाळांच्या घरात वाढले. आपण पोटचे नाही, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. मॅडमच्या आग्रहाखातर तेही नळीत थुंकले आणि विसरून गेले. बरेच महिने काही आलं नाही. मग हैदराबादला राहणाऱ्या एका मराठी बाईंनी भाच्याच्या हट्टापायी तीच टेस्ट केली आणि रामभाऊंच्या मोबाइलवर ओळ उमटली : सख्खी बहीण.

बाई भेटायला निघाल्या. रामभाऊंनी आधारासाठी मला अंबडजवळच्या आपल्या गावी नेलं.

"आईला सांगितलं का?" मी विचारलं.

"काय सांगू? थुंकलो आन् बहीण सापडली म्हणून?"

शेवटी घरी आलेल्या बाईंनीच रामभाऊंच्या म्हाताऱ्या आईला सांगितलं. "आम्ही ऊसतोडीला आल्तो. ह्याच्या बाळंतपणात आई गेली. रस्त्याच्या कडेला मेंढ्या बसल्या होत्या. लेकराला दूध तरी मिळंल म्हणून बापानं तुमच्या हाती दिलं. पुढल्या साली शोधायला आला, तर कळप कुठल्या कुठं गेल्ता."

बाईंनी पर्समधून वडिलांचा फोटो काढला. मी पाहिला आणि रामभाऊंकडे बघायचं टाळलं. तेच कपाळ, तेच बाकदार नाक.

म्हातारीने फोटो डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ धरला आणि परत दिला.

"माझ्या पोराचं नाक आमच्या मालकावर, त्याच्या बापावर गेलंय," ती म्हणाली. "समदं गाव सांगतं."

मग तिने बाईंची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"तुझं बी त्यांच्यावरच गेलंय. बस, जेवून घे."