ताप सोडतो तेव्हा

नगरकडच्या एका छोट्या चर्चमध्ये दुपारच्या प्रार्थनेनंतर पाळकसाहेब एक ग्रीक क्रियापद समजावून सांगत होते: आफिएमी. मूळ अर्थ दूर पाठवणे, जाऊ देणे. शुभवर्तमानात कोळी जाळी टाकून येशूमागे जातात म्हणजे ती सोडतात, ताप आजारी बाईला सोडतो, येशू प्राण सोडतो आणि पापांची क्षमा होते. या सगळ्यांसाठी हाच शब्द येतो. मराठीतलं ‘सोडणे’ त्याच्या सर्वांत जवळचं, असं ते म्हणाले.

पुढच्या चटईवर मार्थाबाई होत्या. त्यांचा मुलगा जीपच्या अपघातात गेला. जीप त्यांचे दीर चालवत होते. तेव्हापासून त्या दिरांशी बोललेल्या नाहीत. दीर प्रार्थनेला येत, पण दाराबाहेरच थांबत. आजही ते तिथेच होते.

“पाळकसाहेब, त्या बाईनं ताप सोडला, का तापानं तिला?” मार्थाबाईंनी विचारलं.

“तापानं तिला.”

“मग ‘क्षमा कर, क्षमा कर’ म्हणून माझ्यामागं काय लागता? रागालाच सांगा की, हिला सोड म्हणून.”

कुणीतरी हसलं. माणूस रागाला धरून असतो की राग माणसाला, हे कोणत्याच भाषेच्या व्याकरणात सापडत नाही. दाराबाहेर थांबलेल्या दिरांना मात्र तेवढंच जाणून घ्यायचं होतं.

मार्थाबाई दाराकडे वळल्या.

“आत या, भावोजी. पण माझ्याशी बोलू नका. अजून जमायचं नाही मला.”

दीर आत आले आणि काही न बोलता बसले.