दोमितिलाने न चाखलेली भाकर

माझी धाकटी बहीण दोमितिला चर्चच्या प्रभुभोजनाची भाकर भाजायची, पण ती खायची तिला परवानगी नव्हती. देवासाठी वेगळी काढलेली भाकर म्हणून चव बघायलाही तुकडा मोडायची नाही.

कारण लेओन्सिओ. त्याच्याशी तिचं लग्न झालेलं नव्हतं. आमच्या होंडुरासच्या कॉफीच्या डोंगरात निम्मी घरं अशीच. दोघं एका छपराखाली राहायला लागतात, मुलं होतात, मोठी होतात, लग्न राहून जातं. आमच्या चर्चचे पाळक आब्दिआस अशांना भाकर देत नसत.

लेओन्सिओ वाईट नव्हता. दारू नाही, हात उगारणं नाही. रविवारी तिला चर्चपर्यंत सोडायचा आणि बाहेर आंब्याखाली बसायचा. लग्नाचं काढलं की म्हणायचा, "कागद झाला की बिघडतं. माझ्या भावाचं बघितलंत ना?" भाऊ लग्नानंतर वर्षभरात पळून गेला होता. बोलून बोलून मी थकलो. आयुष्यभर गवंडीकाम केलं. भिंत ओळंब्यात नसली तर पाडून पुन्हा उभी करता येते. या माणसाला कुठून पाडायचं?

एका रविवारी पाळकांनी सांगितलं, मंडळी, म्हणजे चर्चमधली आपण सगळी माणसं, ही ख्रिस्ताची वधू, त्याने तिच्यासाठी जीव दिला. बाहेर येताच दोमितिलाने लेओन्सिओला गाठलं.

"ऐकलंस ना? दार उघडंच होतं. चुगलखोर, झोपाळू, बेसूर गाणारे, सगळ्यांना पत्करलं त्याने. तुला मी एकटी जड?"

"पत्करलं, म्हणूनच मेला ना बिचारा."

"उठलासुद्धा! तू खाटेवरून कधी उठणार?"

बाया हसल्या. ती हसली नाही. मका वाटायचा पाटा उचलून सरळ माझ्या घरी राहायला आली.

पुढच्या रविवारी लेओन्सिओ सवयीने आंब्याखाली येऊन बसलाच. त्याच्यादेखत पाळक तिला म्हणाले, "ताई, आता वेगळ्या राहता, तर भाकर घ्यायला हरकत नाही."

"मी त्याला सोडलेलं नाही, पाळकसाहेब. थांबलेय. सोडला म्हणून सांगू आणि भाकर खाऊ?"

मी कपाळावर हात मारला. एक लग्न करीना, दुसरी सुटका घेईना.

सोमवारी मी चर्चमध्ये नवा कोबा घातला. घोटून गुळगुळीत केला, दारात आडवी दोरी बांधली. पाळक पलीकडच्या दारात उभे होते. लेओन्सिओ आला, दोरी ओलांडली आणि बूट घालून ओल्या सिमेंटवरून सरळ त्यांच्यापर्यंत चालत गेला.

"पाळकसाहेब, तारीख काढा."

"गाढवा, पाय बघ!" मी ओरडलो.

"दादा, आधी तारीख."

"तारीख जाते कुठे? कोबा सुकतोय!"

त्याला गुडघ्यावर बसवून ठसे बुजवायला थापी हातात दिली. पहिल्यांदा केलं ते मला पटलं नाही. पुन्हा करायला लावलं. पाठ धरून उठला, पण तारीख घेऊनच गेला.

लग्न त्याच कोब्यावर लागलं. नंतर प्रभुभोजन झालं. लेओन्सिओ मागच्या बाकावर बसला, पण आत. दोमितिलाने डोळे मिटून तुकडा तोंडात ठेवला. बराच वेळ चावत राहिली. जागेवर परत येताना माझ्यापाशी वाकली, चेहरा रागाने लाल.

"दादा, इतकी वर्षं खाताय सगळे. मीठ कमी पडतंय, हे एकालाही सांगता आलं नाही?"