मास्तरांचा खटका

नाटक मंडळीच्या वाद्यवृंदात मास्तरांच्या लेखी माणूस एकच होता, ते स्वतः. बाकी सगळी खोगीरभरती. व्हायोलिनवाली म्हणजे 'मांजराची शेपटी पिरगाळणारी', आणि शेजारच्या खुर्चीवरचा कीबोर्डवाला म्हणजे 'बोटंआपट्या'.

मेव्हणा हौसेनं साधा माउथ ऑर्गन वाजवायचा, त्याला तर ते दारातच झाडायचे. "काय रे तो खुळखुळा! कीबोर्डच्या काळ्या पट्ट्या उपटून काढ नि वाजव, तसलं ते. हा बघ, क्रोमॅटिक. कडेचा खटका दाबला की आतली पट्टी सरकते आणि सूर अर्ध्या पायरीनं चढतो. फुंकला एक, ओढला दुसरा, खटका दाबून आणखी दोन. एका भोकात चार सूर! कळलं? नाहीच कळणार."

जगाला तरी कुठे कळत होतं म्हणा! मोठ्या वाद्यवृंदांत या वाद्याला कायमची खुर्ची नसते. गरज पडली की बोलावतात, काम झालं की वाटेला लावतात. मास्तरांना खुर्ची होती, दुसऱ्या अंकातल्या ताटातुटीच्या सुरावटीपुरती. तेवढ्यावर स्वारी राजासारखी मिरवायची.

मग नवी दिग्दर्शिका आली. म्हणाली, "माउथ ऑर्गनचा आवाज कीबोर्डमध्ये आहेच की. वेगळा माणूस कशाला? उद्या दोघं वाजवा. मी पाठ करून ऐकते. जो आवडेल तो राहील."

सकाळी बायको म्हणाली, "हॉल गारठलेला असतो. बाजा आधी काखेत धरा हो, रोजच्यासारखा."

"त्या बाईसमोर? मला काय ताप आलाय?"

अहो, गार बाजात ऊन श्वास गेला की आत दव धरतं, पितळी पात्यांवरच्या झडपा चिकटतात, हे मास्तरांना काय सांगायचं? पण नाक आडवं आलं ना! बाजा तसाच पेटीतून काढला आणि ओठाला लावला. ऐन चढावर ओढलेला सूर उमटलाच नाही. पुढचा फुरफुरला.

"पहिला ठेवू," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. "हा दुसरा कीबोर्डचा दिसतोय. सूर गळतात त्याचे."

पहिला बोटंआपट्या होता. बिचाऱ्याचं तोंड उतरलं. तो मास्तरांच्या कानाशी आला. "मास्तर, गरम करून घ्या. मी बाईंना सांगतो, परत ऐका म्हणून. झडपा चिकटल्यात नुसत्या."

इतकी वर्षं शेजारी बसून त्यानं सगळं पाहिलं होतं. मास्तरांच्या अंगाची लाहीलाही झाली.

"तुझ्या शिफारशीवर वाजवू? तुझ्या?"

बाजा पेटीत गेला, मास्तर घरी गेले. हट्ट करावा तर असा, स्वतःचंच घर जाळणारा.

पहिल्या प्रयोगाला मात्र ते तिकीट काढून मागच्या रांगेत बसले. आता फजिती बघायची! दुसऱ्या अंकात ती सुरावट आली, कीबोर्डवर. आता लोक ओरडणार, उठून जाणार, माझी आठवण काढणार, असं म्हणत मास्तर पुढे सरकून बसले.

शेजारच्या बाईनं डोळे पुसले आणि नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"अहो, किती गोड वाजवतोय हो तो माउथ ऑर्गनवाला!"