गच्चीवर खडूने काढलेलं विमान

आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या दारातला माणूस ऑफिसातून रिटायर झाला आणि विमान बांधायचं म्हणून बसला. असं कोणी बसतं का? पण हा बसला. जागा गोराईला, मेव्हण्याच्या शेडमध्ये. परवानगीचे कागद तो स्वतः फिरवणार. मी चौथी पास, पण जन्मभर सुतारकाम केलं, म्हणून दोन नकाशे घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही विमानं लाकडी, दोघांची. एकात दोघं शेजारी-शेजारी, दुसऱ्यात एकामागे एक.

"तू सांगशील ते," म्हणाला.

कपाट असो की विमान, आधी पूर्ण मापात जमिनीवर काढायचं, ही माझी पद्धत. गच्चीवर खडूने दोन्ही काढली. आत प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवल्या. तो आणि त्याची बायको आळीपाळीने दोन्हींत बसली. आधी शेजारी-शेजारी. वहिनी त्याच्या कानाशी काहीतरी बोलली, दोघं हसली.

मी जळलो. माझी बायको जाऊन आठ महिने झालेत आणि हे दोघं खडूच्या विमानात हसतायत.

म्हटलं, "एकामागे एकवालं घे. अंग बारीक, लाकूड कमी, वारा कमी अडतो." खोटं नव्हतं ते. पण मी त्यासाठी सांगितलं नव्हतं.

वहिनी मागच्या खुर्चीत जाऊन बसली. "भाऊजी, एवढ्या वर जाऊन मी ह्यांचं टक्कल बघत बसू?"

"तू खाली बघ ना," तो म्हणाला.

"काय म्हणालात? ऐकू नाही आलं."

माझी बायको तीस वर्षं स्कूटरवर माझ्या मागे बसली. काहीतरी सांगायची. मी वळून न बघता ओरडायचो, "ऐकू येत नाही, घरी गेल्यावर बोल." घरी गेल्यावर मी जेवायचो आणि झोपायचो. काय सांगायची ती, मला माहीत नाही.

फडकं ओलं करून मी ते बारीक विमान पुसून टाकलं.

"अरे, आत्ता तर चांगलं म्हणालास!"

"चुकीचं सांगितलं. शेजारी-शेजारीवालंच घे."

दोघं परत त्यात बसली. "कोपरं लागतात रे," तो म्हणाला. "चार बोटं रुंद करता येईल?"

"नकाशाला हात लावायचा नाही. पडशील."

"लागू देत कोपरं," वहिनी म्हणाली.

मी परत जळलो. खडू खिशात टाकला आणि जिना उतरलो. चहाला बोलावलं होतं, गेलो नाही. लाकूड बघायला मात्र त्याच्याबरोबर जाणार आहे.